एक्का-दुर्रीचा हात

ग्रंथपाल बाईंनी जाडजूड पुस्तकावर शिक्का मारून ते तिच्या हातात दिलं, आणि तेवढ्यात मागून कुणीतरी घर बुडाल्यासारखं म्हणालं, "गेलं!"

ती वळली. मागे एक उंच तरुण उभा होता. बाहीला कापसाचा पुंजका चिकटलेला... आणि नजर तिच्यावर नव्हतीच, तिच्या हातातल्या पुस्तकावर होती.

"काय गेलं?" तिनं विचारलं.

"ते. मला हवं होतं ते."

"मग आधी नोंद करून ठेवायची."

"पुस्तकाची नोंद करता येते हो. हवंसं वाटण्याची कुठे करायची?"

बाईंनी चष्म्याच्या वरून दोघांकडे पाहिलं आणि नुसतं दाराकडे बोट दाखवलं. हसू दाबत ती बाहेर आली. तोही मागोमाग आला. पायऱ्यांवर त्यानं काखेतलं एक पातळसं पुस्तक पुढे केलं.

"हे बघा. ओमाहा पोकरचे पोटप्रकार. पहिल्याच पानावर लिहिलंय, 'मूळ खेळ वाचकाला येतोच असं आम्ही धरून चालतो.' मला येत नाही! मूळ खेळ तुमच्या हातातल्या त्या ठोकळ्यात आहे."

तिनं ते पातळ पुस्तक चाळलं. नेमकं हेच तिला हवं होतं. जहाज कंपनीची जाहिरात तिला तोंडपाठ होती: जहाजावरच्या पत्त्यांच्या दालनात पत्ते वाटायला माणसं हवीत, ओमाहाचे सगळे प्रकार यायला हवेत.

"जहाजाची जाहिरात?" तिनं विचारलं.

"तुम्हीपण?" तो म्हणाला. एकाच घासावर दोघांनी हात टाकल्यासारखं झालं होतं.

"जागा बऱ्याच आहेत म्हणे," शेवटी तीच म्हणाली.

"मग काय! अर्धं ज्ञान तुमच्याकडे, अर्धं माझ्याकडे. भांडून दोघंही अडाणी राहण्यापेक्षा..."

तो गाद्यांच्या दुकानात कामाला होता. गिऱ्हाइकाला गादीवर आडवं करायचं, कूस बदलायला लावायची, पाठीचं दुखणं ऐकून घ्यायचं, हे त्याचं काम.

"म्हणजे गादीचे वारसदार!" ती म्हणाली.

"कसले वारसदार! दिवसभर लोकांना मऊ गादीवर झोपवतो आणि स्वतः दादाच्या घरी, बाहेरच्या खोलीत, घडीच्या खाटेवर. तुम्ही काय करता?"

"मामाच्या चष्म्याच्या दुकानात असते. लोकांची नजर तपासते."

"मग माझी बघा ना एकदा."

"दुकानात या. अशी रस्त्यात कुणाची बघत नाही मी."

"बघताय की मघापासून," तो म्हणाला. तिचे कान तापले. पुस्तक छातीशी धरून ती भराभर पायऱ्या उतरली, आणि शेवटच्या पायरीवर उगाचच थांबली.

*

खेळ वरवर सोपा होता. प्रत्येकाला चार पानं, टेबलाच्या मधे पाच पानं उघडी. हात लावायचा पाच पानांचाच, पण हातातली दोन आणि मधली तीन घेऊन. ना एक कमी, ना एक जास्त. जाड पुस्तक एवढं सांगून शेकडो उदाहरणं द्यायचं. पातळ पुस्तक त्याच्या पुढचं. हाय-लो प्रकारात पैजेचा मधला ढीग अर्धा सगळ्यात मोठ्या हाताला आणि अर्धा सगळ्यात छोट्या हाताला. छोट्या हातात अठ्ठी किंवा तिच्या खालचीच पानं हवीत, एक्का त्यात सगळ्यात छोटा, आणि पाचही वेगवेगळी. मग पाच पानं वाटायचा प्रकार, मग मधलं एक पान आधीच उघडं टाकायचा प्रकार... खेळणाऱ्याचं चुकलं तर तो एकटा बुडतो. पण वाटणाऱ्याचं चुकलं तर अख्खं टेबल अंगावर येतं.

सराव करायला जागा नव्हती. ग्रंथालयात बोलायची चोरी. तिच्या घरी आई.

"पत्ते पिसून आजवर कुणाचं भलं झालंय?" आई म्हणायची.

"मी खेळणार नाही गं आई. नुसते वाटणार."

"हो, हो. आगीत हात घालायचा नाही, नुसती आग वाटायची. कळलं मला."

आईचा रागही खोटा नव्हता. वडील गेल्यावर मामानं भाचीला दुकानात बसवलं, घर चाललं. पण मामाचं एकही वाक्य उपकाराची आठवण दिल्याशिवाय संपत नसे. तिला ते गिळवत नव्हतं आणि थुंकवतही नव्हतं. समुद्राची तिला हौस होती असं नाही. एकदा तरी स्वतःच्या हिमतीवर उंबरठा ओलांडायचा होता, एवढंच.

शेवटी सरावाची जागा सापडली ती गाद्यांच्या दुकानात. दुपारी मालक जेवायला जायचे ते डुलकी काढूनच परतायचे. तोवर दुकानात चिटपाखरू नसे. आत रांगेनं मांडलेल्या गाद्या, प्लास्टिकचा वास आणि भिंतीवरच्या पंख्याची घरघर. खिडकीजवळच्या मोठ्या गादीवर ती दोघं समोरासमोर मांडी घालून बसायची. पैजेच्या चिप्सच्या, म्हणजे चकत्यांच्या जागी तिनं दुकानातून टाकाऊ भिंगं आणली होती. पंख्याच्या वाऱ्यानं पानं उडायची, मऊ गादीत रुतायची, आणि ती सावरताना हाताला हात लागायचा... कधी चुकून. कधी तितकासा चुकून नाही.

"ही गादी कितीला?" ती एकदा म्हणाली.

"ही विकायची नाही ठरवलंय. गिऱ्हाईक आलं की मी सांगतो, हिची स्प्रिंग कुरकुरते."

"खोटारडा माणूस!"

"माणूस खरा आहे हो. स्प्रिंगच तेवढी खोटी."

एका दुपारी त्यानं तीन हात मांडले आणि ढिगाचे दोन भाग करायला घेतले. मधे दुर्री, चौकी, सत्ती आणि दोन राजे. एका हातात एक्का, दुर्री, राणी, गुलाम. त्यानं बेलाशक छोट्या हाताचा अर्धा ढीग तिकडे सरकवला.

"थांब!" तिनं त्याचं मनगट धरलं. "नीट बघ. हातातली दोन घ्यायची ना? एक्का आणि दुर्री. मधली तीन कुठली? दुर्री मधेही आहे. दोन दुर्ऱ्या झाल्या. मग वेगवेगळी छोटी पानं राहिली चारच. ह्याचा छोटा हात लागतच नाही."

"पण एक्का-दुर्री म्हणजे सगळ्यात भारी..."

"असेल. पण मधे दुर्री आली की हातातली मेली. अर्धा ढीग त्या तिसऱ्या, पंजी-अठ्ठीवाल्याचा. हे कधी, कधी विसरू नकोस."

तो पत्त्यांकडे बघतच नव्हता.

"काय झालं?"

"तू मला 'थांब' म्हणालीस. 'थांबा' नाही."

तिनं मनगट सोडलं. पंखा घरघरत होता. मग तोच हळूच म्हणाला, "राहू दे ना तसंच. छान वाटलं... तू."

त्या दुपारी ती चष्म्याच्या दुकानात परतली आणि एका आजोबांना जवळचं भिंग द्यायचं ते लांबचं देऊन बसली. मामानं उपकारांची पूर्ण उजळणी केली. तिला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही.

*

परीक्षा एका हॉटेलच्या दालनात होती. हिरव्या कापडाची टेबलं, खऱ्या चिप्स, आणि आखूड केसांच्या, आवाज न चढवणाऱ्या एक पर्यवेक्षक बाई. सकाळी दालन भरलेलं होतं. दुपारपर्यंत निम्मी माणसं बाद झाली, काहींची निवड होऊन ती हसत बाहेर पडली. संध्याकाळ होता होता दोघंच राहिली. ती आणि तो.

"तुम्ही दोघंही चांगली आहात," बाई म्हणाल्या. "पण या हंगामात माझ्याकडे जागा एकच उरली आहे. जो राहील त्याला पुढच्या खेपेला बोलावू. पाणी पिऊन या. मग शेवटचा एकेक डाव."

बाहेरच्या बोळात दोघं भिंतीला टेकून उभी राहिली. त्याच्या कपाळावर घाम होता.

"मी दुकान सोडलंय," तो म्हणाला.

"काय? कधी?"

"परवा. मालकांशी वाजलं. आणि वहिनीनं माझ्या खाटेच्या जागी पाळणा आणून ठेवलाय. काही बोलली नाही ती, बिचारीच्या मनात काही नसतं. पण पाळणा तर आला ना." तो हसायला गेला, जमलं नाही. "ते जाऊ दे. तुझी निवड झाली तर मला आनंदच होईल. खरंच. तुझी नजर माझ्यापेक्षा कितीतरी तयार आहे."

तिनं रुमाल काढून त्याच्यापुढे धरला.

"नाही म्हणजे..." तो जमिनीकडे बघत म्हणाला, "तुला निदान मामांचं दुकान तरी आहे."

वाक्य साधंच होतं. त्यानं ते टाकलं की त्याच्या तोंडून पडलं, हे तिला पुढे कितीही विचार केला तरी ठरवता आलं नाही.

आधी तिला बोलावलं. तो मागच्या खुर्चीवर बसला. बाईंनी तीन हात उलगडले, मधली पाच पानं मांडली. हाय-लो. मधे तिर्री, पंजी, अठ्ठी, आणि दोन दश्श्या. पहिल्या हातात एक्का, तिर्री आणि दोन चित्रं. तिसऱ्या हातात चौकी, सत्ती...

तिनं एका नजरेत वाचलं. तिर्री मधे आलेली, म्हणजे हातातली मेलेली. छोटा हात तिसऱ्याचा. डोळे मिटूनही तिनं वाटलं असतं.

पण तिच्या डोळ्यांपुढे पाळणा येत होता. आणि त्या पाळण्यापाठीमागे, खोल कुठेतरी, दुसरंही काही होतं. आपण हे केलं तर तो काय करेल? त्याला कळेलच. हा डाव तिनंच त्याला शिकवलाय. तो उठेल. 'थांबा, तिला हे येतं, ती मुद्दाम करतेय' असं म्हणेल. मग निवड कुणाचीही होवो...

तिनं चिप्सचे दोन भाग केले, आणि छोट्या हाताचा अर्धा ढीग एक्का-तिर्रीकडे सरकवला.

बाईंच्या भुवया किंचित वर गेल्या. "नक्की?"

"नक्की."

तिनं मागे वळून पाहिलं. तो वाकून बुटाची नाडी बांधत होता. नाडी सुटलेली नव्हती.

मग त्याची पाळी आली. त्याचा डाव अवघड होता, पण त्यानं तो बिनचूक वाटला. निवड झाल्याचं बाईंनी सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आभारी आहे."

रस्त्यावर येताच त्यानं तिला मिठी मारली. इतकी घट्ट, की तिला वाटलं, आता बोलेल. तो बोलत राहिला तो पासपोर्टबद्दल, वैद्यकीय तपासणीबद्दल, दादाचा चेहरा कसा होईल त्याबद्दल. वळणावरच्या दिव्याखाली तो थांबला, तिचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "पुढच्या खेपेला तू येशीलच. मी आहे ना आत."

"हो," ती म्हणाली.

*

कंपनीला त्याच्या नजरेचा दाखला हवा होता. तो तिच्याच दुकानात आला. मामा आत हिशेब करत होता. तिनं त्याला खुर्चीत बसवलं, जड चौकट त्याच्या नाकावर ठेवली, आणि एकेक भिंग बदलत समोर वाकून उभी राहिली. पायऱ्यांवरच्या त्या थट्टेनंतर आज पहिल्यांदाच ती त्याची नजर तपासत होती. एवढ्या जवळून, की त्याच्या पापण्या मोजता आल्या असत्या.

"खालची ओळ वाच."

त्यानं वाचली. सगळी अक्षरं बरोबर.

"डावा डोळा." तिनं उजवा झाकला. डावाही स्वच्छ होता.

"एक विचारू?" तो म्हणाला. भिंगामागे त्याचा डोळा मोठा दिसत होता, आणि तो डोळा तक्त्यावरून हलत नव्हता. "त्या दिवशी... तुझी झोप झाली नव्हती का गं?"

तिचा हात थांबला. प्रश्न नव्हताच तो. विनवणी होती. हो म्हण, म्हणजे मी सुटलो.

"नव्हती झाली," ती म्हणाली.

त्यानं सोडलेला श्वास तिच्या मनगटाला लागला. "वाटलंच मला," तो म्हणाला.

तिनं दाखला लिहिला. नजर उत्तम, दोष नाही.

तो गेला. फोन यायचे. कधी बंदरावरून, कधी समुद्राच्या मधूनच, तुटक. तो टेबलावरच्या गमती सांगायचा. एक म्हातारी बाई रोज हरते आणि रोज त्याला आशीर्वाद देते, एक नवराबायको एकमेकांची पानं बघून भांडतात. "तुझी आठवण येते," म्हणायचा, आणि ती येत असणार, यात तिला कधी शंका वाटली नाही. त्याच्या प्रेमात खोट काढता आली असती तर तिचं काम सोपं झालं असतं. तो तिला विसरला नाही, दुसरीच्या नादाला लागला नाही. तो फक्त एकच गोष्ट सोडून सगळं बोलायचा.

ती मात्र कुढत होती. त्याच्यावर, आणि त्याहून जास्त स्वतःवर. कुणी सांगितलं होतं उदार व्हायला? त्यानं मागितलं होतं? आणि दिलं तर दिलं, वर सावकारासारखं दारात उभं राहून वाट का बघायची?

जाड पुस्तक तिनं ग्रंथालयातून पुन्हा आणलं. पातळही आणलं. या वेळी दोन्ही पुस्तकांची मालकीण ती एकटीच होती. दुपारच्या वेळी, काउंटरखाली, मामाच्या नजरेआड तिनं सगळे डाव पहिल्यापासून वाटले. नव्या खेपेचं बोलावणं आलं. त्याच आखूड केसांच्या बाई होत्या. डाव संपल्यावर त्यांनी पत्ते गोळा केले.

"मागच्या वेळी चुकलात तो डाव तुम्हाला येत होता," त्या सहज म्हणाल्या. "माझ्या टेबलावर पुन्हा कुणाला काही दान करू नका."

परक्या बाईला कळलं होतं. तिनं ते बोलूनही दाखवलं होतं. त्या दिवशी ती घरी आली आणि न्हाणीघरात नळ सोडून पोटभर रडली.

*

तो सुट्टीवर आला तेव्हा रंगानं रापला होता, अंगात नवा सदरा, चालण्यात थोडा डौल. कॉफीच्या दुकानात दोघं कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली. त्यानं इकडचं तिकडचं केलं, चमचा ढवळला, आणि मग एकदम म्हणाला, "लग्न करू या. दादाशी बोललोय मी. वहिनी तर नाचायचीच बाकी आहे."

या वाक्याची तिनं किती वाट पाहिली होती! हो म्हणावं, आणि सगळं गंगेला मिळू द्यावं...

"त्याआधी एक सांगशील?" ती म्हणाली. "मी त्या दिवशी अर्धा ढीग चुकीच्या हाताला दिला. तुला कधी कळलं?"

त्यानं चमचा बशीत ठेवला. तो झोपेचं बोलेल, ताणाचं बोलेल, असं तिला वाटलं. खोटं बोलला असता तर ती उठून गेली असती, आणि राग तरी सोबतीला राहिला असता.

"तेव्हाच," तो म्हणाला. "तू चिप्सला हात लावलास, तेव्हाच."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर परत द्यावं लागलं असतं."

इतकं खरं तो कधीच बोलला नव्हता. त्याचे डोळे भरले होते. "नंतर रोज ठरवायचो, आज सांगू. फोन हातात घेतला की वाटायचं, आता सांगितलं तर ही म्हणेल, इतके दिवस का नाही? जितके दिवस गेले तितकं जड होत गेलं. मी वाईट माणूस नाही गं..."

"नाहीस," ती म्हणाली. "म्हणूनच तर. आणि मीही काही साधी नाही. मी तुला नोकरी दिली नव्हती, मी तुला परीक्षेला बसवलं होतं. तुला न सांगता."

"मग झालं ना फिटंफाट? नव्यानं सुरुवात करू. तुला माझ्या जहाजावर घ्यायला लावतो मी, माझं ऐकतात आता."

"माझी निवड झाली आहे. दुसऱ्या जहाजावर. उद्या निघते."

तो बघतच राहिला. "आणि हे मला तू आत्ता सांगतेस?"

"न सांगणं तुझ्याकडूनच शिकले," असं तिच्या जिभेवर आलं होतं. तिनं ते गिळलं.

"बदली मागतो मी," तो घाईनं म्हणाला. "तुझ्या जहाजावर येतो. वाट बघशील?"

"नको. रोज तुझ्या तोंडाकडे बघत बसेन मी, आज काय सांगायचं राहिलंय म्हणून. आणि तू माझ्या हाताकडे बघशील, ही आता कशात मुद्दाम चुकतेय म्हणून. असा संसार होतो का?"

"प्रेम नाही राहिलं?"

"आहे की," ती म्हणाली. "तेच जात नाहीये ना."

त्यानं हात पुढे केला. तिनं तो दोन्ही हातांत घेतला, थोडा वेळ नुसता धरला, आणि मग टेबलावर अलगद ठेवून ती उठली. मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर बसली असती.

घरी आई बॅगेशी झटत होती. चेन लागत नव्हती.

"काय म्हणाला?"

"खरं बोलला."

"मग?"

"मग काय... उशीर झाला."

आईनं पदर खोचला आणि सरळ बॅगेवर चढून बसली. "ओढ आता."

तिनं दात-ओठ खाऊन चेन ओढली. कुरकुरत ती एका टोकाहून दुसऱ्या टोकापर्यंत गेली.

"लागली. ऊठ आई."

आई उठली नाही. तोंड खिडकीकडे वळवून, दोन्ही हात मांडीवर ठेवून ती बॅगेवर बसूनच राहिली. मग तीही खाली फरशीवर बसली, आईच्या गुडघ्याला डोकं टेकून. निघायला अजून वेळ होता.